सतरा दिवसांचा प्रीफेक्ट

गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता १५१० पासून १९६१ पर्यंत, म्हणजे चारशे एक्कावन्न वर्षे होती. या काळात व्हाइसरॉय, गव्हर्नर आणि गव्हर्नर-जनरल अशा पदांवर आलेल्यांची यादी फार लांब आहे. त्या यादीत गोव्याच्या मातीत जन्मलेला, गोव्याच्याच कुळातला माणूस एकच आहे. तिसवाडी महालातल्या नेवरा गावचे बेर्नार्दो पेरेस द सिल्वा हे ते नाव. १४ जानेवारी १८३५ रोजी त्यांनी पदाची शपथ घेतली आणि १ फेब्रुवारीला त्यांच्याच राजधानीतल्या सैन्याने त्यांना पकडले. त्यानंतर गोव्याच्या माणसाच्या हाती गोव्याचा कारभार येण्यासाठी डिसेंबर १९६३ उजाडावे लागले. त्या वेळी दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले.

मराठी वाचकाला गोव्याचा इतिहास बहुधा दोन टोकांनी माहीत असतो. एका टोकाला धर्मसमीक्षण सभा, संभाजीराजांची स्वारी आणि मराठ्यांचे वसईचे युद्ध येते, तर दुसऱ्या टोकाला १९४६ चे लोहियांचे मडगावचे भाषण, सत्याग्रह आणि मुक्ती. मधले एकोणिसावे शतक आपण ओलांडून जातो. अ. का. प्रियोळकर, पांडुरंग पिसुर्लेकर यांच्यासारख्या संशोधकांनी गोव्याच्या दप्तरावर आयुष्ये घालवली, तरी या शतकाविषयीचे सामान्य वाचकाचे कुतूहल राण्यांच्या बंडांपुढे फारसे गेलेले नाही. पेरेस द सिल्वा यांची गोष्ट या रिकाम्या जागेत पडून राहिली आहे. ती नुसती गोव्याची गोष्ट नाही. स्वातंत्र्य, समता, संविधान असे शब्द युरोपातून वसाहतीत आले तेव्हा ते कोणाकरता आले होते, या प्रश्नाला भारताच्या भूमीवर फार लवकर, म्हणजे सत्तावनच्या बावीस वर्षे आधी, सडेतोड उत्तर मिळाले. ते उत्तर बंदुकीने दिले गेले.

*

आधी पोर्तुगालात काय चालले होते ते थोडक्यात पाहू. १८०७ मध्ये नेपोलियनचे सैन्य चालून आले आणि राजघराणे ब्राझीलला निघून गेले. ते तिथे बरीच वर्षे राहिले. मायदेशाचा राजा वसाहतीत आणि मायदेश इंग्रज सेनाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, असा उलटा प्रकार झाला. त्याला कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी २४ ऑगस्ट १८२० रोजी पोर्तू शहरात उठाव करून संविधानाची मागणी केली. राजा दों जुआंव परतला, १८२२ चे संविधान तयार झाले आणि एका वर्षात मोडलेही. १८२६ मध्ये दों पेद्रू याने स्वतःच्या मुलीला गादी देताना एक सनद दिली. १८२८ मध्ये पेद्रूचा धाकटा भाऊ मिगेल याने ती धुडकावून स्वतःला राजा म्हणवले. मग देशत्याग, तुरुंग, फाशी हे सगळे झाले. जुलै १८३२ मध्ये पेद्रू सुमारे साडेसात हजार माणसे घेऊन पोर्तूजवळच्या किनाऱ्यावर उतरला. पोर्तूचा वेढा वर्षभर चालला. मे १८३४ मध्ये एव्होरामोंती येथे मिगेलने शरणागती पत्करली आणि संविधानवादी पक्ष सत्तेवर आला.

हा पक्ष म्हणजे मुख्यतः सैनिकांचा पक्ष होता. साल्दान्या, तेर्सैरा, सा द बांदैरा या पुढाऱ्यांची नावे पाहावीत. हे सगळे घोड्यावरून उतरून मंत्रालयात बसलेले लोक. सा द बांदैरा यांचा उजवा हात पोर्तूच्या वेढ्यात, सप्टेंबर १८३२ मध्ये गेला. ज्या टेकडीवर तो गेला तिचे नाव पुढे त्यांना किताब म्हणून मिळाले. डिसेंबर १८३६ मध्ये पोर्तुगीज मुलखातला गुलामांचा व्यापार बंद करणारा हुकूम त्यांच्या काळात निघाला, आणि १८६९ मध्ये गुलामीची कायदेशीर अवस्था संपवणारा हुकूमही त्यांच्याच मंत्रिमंडळाचा. एका आयुष्यात याहून मोठे काम क्वचितच कोणाच्या हातून झाले असेल. साल्दान्या यांची तऱ्हा वेगळी. त्यांनी इतक्या वेळा सैन्य घेऊन सरकारे उलथली की अखेरचे बंड त्यांनी १८७० मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात केले आणि तीन महिने पंतप्रधानकी भोगली. बंडांबद्दल त्यांना शिक्षा झाली नाही. उलट ते ड्यूक झाले आणि वकील म्हणून लंडनला असताना वारले.

हे तपशील मी मुद्दाम देतो आहे. पोर्तुगीज उदारमतवादाची रीत अशी की विचार पुस्तकात असतो, पण तो अमलात येतो पलटणीच्या जोरावर. ज्याच्यामागे पलटण नाही त्याने काय करायचे, याचे उत्तर त्या विचारात नव्हते. नेवऱ्याच्या पेरेस द सिल्वा यांच्यामागे पलटण नव्हती.

*

त्यांचा जन्म १७७५ चा. म्हणजे पिंटोंच्या कटाच्या वेळी ते बारा वर्षांचे असतील. १७८७ चा हा कट कांदोळीच्या पिंटो घराण्याशी जोडला जातो. त्यात गोमंतकीय पाद्री आणि लष्करी अधिकारी होते, आणि बढत्यांमध्ये युरोपियनांना मिळणारे झुकते माप हे त्यामागचे एक ठसठशीत कारण होते. कट फुटला. पंधरा जणांना १७८८ मध्ये पणजीत अत्यंत क्रूरपणे ठार मारण्यात आले. तिसवाडीत वाढणाऱ्या मुलाच्या कानी हे पडले नसेल असे मानणे कठीण आहे. गंमत अशी की या कटाच्या पाव शतक आधी, १७६१ मध्येच, पोंबालच्या सरकारने हुकूम काढला होता की पोर्तुगीज भारतातले ख्रिस्ती प्रजाजन युरोपियन पोर्तुगीजांच्या बरोबरीचे मानावेत. १७७४ मध्ये तो पुन्हा बजावावा लागला. जो हुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागतो त्याची अंमलबजावणी कशी झाली असेल ते निराळे सांगायला नको.

पेरेस द सिल्वा वैद्यकाच्या पेशात शिरले. त्या काळी गोव्यातल्या हुशार ख्रिस्ती मुलाला तीन वाटा होत्या. पाद्री होणे, वकील होणे किंवा वैद्य होणे. सैन्यातल्या वरच्या जागा दुसऱ्याच वर्गाच्या होत्या. इथे गोव्याच्या समाजाचे थर समजून घेतले पाहिजेत, नाहीतर १८३५ चा गोंधळ कळत नाही. सर्वांत वर पोर्तुगालात जन्मलेले अधिकारी. ते येत आणि काही वर्षांनी जात. त्यांच्याखाली इथेच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली पोर्तुगीज वंशाची घराणी, ज्यांना ‘देशेंदेंत’ म्हणजे वंशज म्हणत. सैन्यातल्या अधिकाराच्या जागा हे त्यांचे वतन होऊन बसले होते. त्याखाली ‘नातुराल’, म्हणजे इथले मूळचे ख्रिस्ती. त्यांच्यातही ब्राह्मण, चारडो, शूद्र अशा जाती धर्मांतरानंतर शाबूत राहिलेल्या. आणि या सगळ्याच्या बाहेर हिंदू. जुन्या काबिजादींत ते थोडे उरले होते. अठराव्या शतकात सामील झालेल्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या नव्या काबिजादींत मात्र तेच बहुसंख्य होते.

पोर्तूच्या क्रांतीची बातमी गोव्यात पोचल्यावर सप्टेंबर १८२१ मध्ये इथल्या मंडळींनी व्हाइसरॉयला पदच्युत केले. त्याच वर्षी डिसेंबरात ‘गाझेत द गोवा’ हे गोव्यातले पहिले वर्तमानपत्र सुरू झाले. छापखाना मुंबईहून आणला गेला. आशियातला पहिला छापखाना १५५६ मध्ये ज्या गोव्यात आला, तिथे मधल्या काळात छपाई इतकी मरून गेली होती की यंत्र मुंबईहून आणावे लागले. प्रियोळकरांच्या मुद्रणविषयक लेखनाचा परिचय असलेल्यांना ही शोकांतिका ठाऊक आहे.

मग १८२२ च्या आरंभी निवडणूक झाली. लिस्बनच्या संसदेत, म्हणजे कोर्तेसमध्ये, गोव्याने तीन प्रतिनिधी पाठवायचे होते. निवडून आले ते कोंस्तांसियू रोक द कोश्ता, पेरेस द सिल्वा आणि लिमा लेइतांव. पहिले दोघे गोमंतकीय, तिसरे पोर्तुगालहून आलेले वैद्य आणि ‘गाझेत’चे संपादक. आपल्याकडे निवडणुकीचा इतिहास १८९२ च्या कौन्सिलांपासून किंवा फार तर नगरपालिकांपासून सांगायला घेतात. त्याच्या सत्तर वर्षे आधी नेवऱ्याचा एक डॉक्टर युरोपातल्या संसदेवर निवडून गेला, याची नोंद क्वचितच घेतली जाते. मात्र केप ऑफ गुड होपला वळसा घालून लिस्बन गाठायला तेव्हा महिनेच्या महिने लागत. प्रतिनिधी पोचेपर्यंत राजाने १८२३ मध्ये संविधान गुंडाळून कोर्तेस बरखास्त केली होती. निवडून आलेला माणूस वाटेत आणि ज्या सभेवर निवडून आला ती सभा नाहीशी, असा हा प्रकार.

१८२६ च्या सनदेनंतर ते पुन्हा गोव्याचे प्रतिनिधी झाले आणि १८२८ मध्ये मिगेल आल्यावर इतर संविधानवाद्यांबरोबर देश सोडून इंग्लंडला गेले. तिथून ब्राझील. रिओ द जानैरोत १८३२ मध्ये त्यांनी एक पुस्तक छापले. तत्त्वज्ञानाचा एक पंडित आणि ‘भारतातला एक पोर्तुगीज’ यांच्यात लिस्बन शहरात झालेला संविधानाविषयीचा संवाद, असे त्याचे लांबलचक शीर्षक आहे. संविधानाचे फायदे आणि ते टिकवायचे उपाय हा त्याचा विषय.

त्या शीर्षकापाशी मला थांबावेसे वाटते. प्रश्नोत्तरांची ही घडण आपल्याला परकी नाही. फुल्यांनी ‘गुलामगिरी’ जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादातच लिहिली, अर्थात चाळीस वर्षांनी आणि अगदी वेगळ्या बाजूने. पण ‘भारतातला पोर्तुगीज’ हा शब्दप्रयोग नीट पाहावा. लेखक स्वतःला गोमंतकीय म्हणत नाही, हिंदी म्हणत नाही. तो पोर्तुगीज आहे आणि भारतातला आहे. राष्ट्र एक, भूमी वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या सुशिक्षित गोमंतकीय ख्रिस्ती माणसाची सगळी आशा या दोन शब्दांच्या जोडणीवर उभी होती. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांनी १९४४ मध्ये गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावर जी जळजळीत पुस्तिका लिहिली, तिच्या कसोटीवर पेरेस द सिल्वा यांना सहज नापास करता येईल. तसे करणे मला अन्यायाचे वाटते. कुन्हांच्या समोर भारतीय राष्ट्राची चळवळ उभी होती, तर १८३२ मध्ये अशी चळवळ कुठेच नव्हती. मुंबईत त्याच वर्षी जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले. तेही नव्या राजवटीच्या कायद्यावर आणि विद्येवर विश्वास ठेवूनच लिहीत होते. त्या पिढीला परक्यांच्या तत्त्वांनाच त्यांच्या शब्दांत धरून ठेवायचे होते.

*

मे १८३४ मध्ये, पोर्तुगालातले युद्ध संपता संपता, पेद्रूच्या सरकारने पेरेस द सिल्वा यांना पोर्तुगीज भारताचे प्रीफेक्ट नेमले. ‘प्रीफेक्ट’ हे पद फ्रेंच धर्तीवर बेतलेल्या १८३२ च्या नव्या कारभार-कायद्यातले. त्या कायद्याचा गाभा मुलकी कारभार आणि लष्कर वेगळे करण्याचा होता. जुना व्हाइसरॉय दोन्हींचा धनी असे. प्रीफेक्ट मुलकी कारभाराचा मुख्य, पण सैन्य त्याच्या हाताखाली नाही. लिस्बनमध्ये बसून पाहिले तर ही सुधारणा निर्दोष आहे. लोकशाहीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात ती शोभेल. गोव्यात मात्र तिचा अर्थ असा झाला की पहिल्यांदाच एका गोमंतकीयाच्या हाती राज्य द्यायचे, आणि नेमक्या त्याच वेळी राज्याच्या हातातली तलवार काढून घ्यायची.

१० जानेवारी १८३५ रोजी ते गोव्यात उतरले. त्यांना नेमणारा पेद्रू आदल्या सप्टेंबरातच क्षयाने वारला होता. जुने व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू अजून इथेच होते. १८२७ पासून, म्हणजे मिगेलच्या सबंध काळातही, तेच पदावर. माणूस कर्तबगार होता, हे मान्य केले पाहिजे. आजच्या पणजीचे सरळ रस्ते, दलदल बुजवून तयार केलेली जमीन, मांडवीकाठची मोठी लष्करी बराक ही त्यांच्या कारकिर्दीतली कामे. ती बराक आजही उभी आहे आणि तिच्या एका भागात मिनेझिस ब्रागांझा संस्था आहे. नव्या प्रीफेक्टांना मिळालेली पणजी अशी होती की तिच्यात सर्वांत भक्कम इमारत सैन्याची होती.

चौदा तारखेला शपथविधी झाला. नव्या कायद्याप्रमाणे जुनी मंडळे मोडून नवी रचना करायची होती. जुन्या अधिकाऱ्यांना दूर करून नव्या नेमणुका करायच्या होत्या. त्याच सुमारास धार्मिक संघ बरखास्त करण्याचा पोर्तुगालातला १८३४ चा हुकूमही गोव्याला लागू व्हायचा होता. त्या हुकमाने जुन्या गोव्यातले फ्रान्सिस्कन, ऑगस्टिनियन, डोमिनिकन मठ रिकामे झाले. ऑगस्टिनियनांच्या चर्चचा जो एकाकी मनोरा आज पर्यटक पाहतात, त्याच्या पडझडीची सुरुवात तिथूनच. थोडक्यात, न्यायाधीश, महसुली अधिकारी, संन्यासी आणि सेनाधिकारी या सर्वांना एकाच वेळी आपले स्थान डळमळीत झाल्यासारखे वाटले. आणि हे कोण करणार, तर नेवऱ्याचा एक काळा वैद्य.

पेरेस द सिल्वा यांनी घाई केली का? तसे म्हणणारे तेव्हाही होते. मला वाटते, त्यांनी दोन वर्षे काहीही केले नसते तरी शेवट तोच झाला असता, कारण तक्रार त्यांच्या हुकमांपेक्षा त्यांच्या जन्माविषयी होती. देशेंदेंत अधिकाऱ्यांना संविधान नको होते असेही म्हणता येत नाही. १८२१ मध्ये व्हाइसरॉयला उतरवताना त्यातले अनेक पुढे होते. त्यांना संविधान हवे होते, फक्त ते स्वतःपुरते.

१ फेब्रुवारीला पणजीत सैन्य उठले. प्रीफेक्टांना अटक झाली, जहाजावर चढवून त्यांची रवानगी मुंबईकडे करण्यात आली. काही दिवस दों मानुएल पुन्हा सत्तेवर, मग तेही बाजूला आणि कारभार एका हंगामी मंडळाकडे गेला.

इथे एक दुरुस्ती नोंदवतो. गोव्याच्या लोकप्रिय इतिहासांत आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांत तेरेखोल किल्ल्याच्या संदर्भात पेरेस द सिल्वा यांच्या बंडाचे साल १८२५ असे छापलेले आढळते. १८२५ मध्ये प्रीफेक्ट हे पदच अस्तित्वात नव्हते. ही दहा वर्षांची चूक एकाने दुसऱ्याचे पाहून उतरवत नेली असावी. दुसरी चूक क्रमाची आहे. गास्पार दियश किल्ल्यावरील कत्तलीमुळे त्यांची सत्ता गेली, असे लिहिले जाते. सत्ता फेब्रुवारीत गेली आणि कत्तल मे महिन्यातली. कत्तल झाली ती त्यांना पुन्हा आणू पाहणाऱ्यांची.

गास्पार दियश हा मांडवीच्या मुखाशी, आजच्या मिरामारजवळ असलेला किल्ला. तिथल्या शिबंदीतला एक गट प्रीफेक्टांच्या बाजूचा होता. बंडवाल्या सैन्याने किल्ल्यावर हल्ला करून त्यांना कापून काढले आणि किल्ला जाळला. उत्तरेला तेरेखोलच्या किल्ल्यातही तसाच रक्तपात झाला. हा किल्ला १७४६ पर्यंत सावंतवाडीकरांचा होता. नदी ओलांडली की पलीकडे केरी आणि अलीकडे रेडी. गास्पार दियशचा किल्ला आता उरलेला नाही, त्या जागी किनाऱ्यालगत वस्ती, बागा आणि टेनिसचा एक क्लब आहे. क्लबाच्या नावात तेवढे किल्ल्याचे नाव शिल्लक आहे.

*

मुंबईत पेरेस द सिल्वा यांना आधार मिळाला तो रोजेरियू द फारिया या गोमंतकीय व्यापाऱ्याचा. हे नाव अफूच्या व्यापाराच्या इतिहासात मोठे आहे. जमशेटजी जिजीभाई यांच्याशी त्यांची भागीदारी होती. माळव्याची अफू ब्रिटिशांची बंधने चुकवून कराची आणि दमण या वाटेने चीनकडे जाई. दमण पोर्तुगीजांचे असल्यामुळे तिथे कंपनीचा जकातदार नव्हता. ज्याचा दमणशी असा संबंध आहे त्याला पोर्तुगीज भारताच्या गादीवर आपला माणूस असणे सोयीचे, हे उघडच आहे. पण एवढ्यानेच सगळे उलगडत नाही. फारियांनी या प्रकरणात घातलेला पैसा परत येण्यासारखा नव्हता आणि तो आलाही नाही. आपल्या गावचा माणूस राज्यावर बसला होता, त्याला हाताला धरून खाली खेचले, याची चीड त्यात नसेलच असे मी म्हणणार नाही. अफूचा पैसा आणि संविधानाचे प्रेम एकाच थैलीत असू शकतात. मुंबईच्या कितीतरी शाळा, इस्पितळे आणि पूल त्याची साक्ष देतात.

फारियांच्या मदतीने जहाज आणि माणसे जमवून मे १८३५ च्या अखेरीस पेरेस द सिल्वा गोव्यावर निघाले. मेअखेर! कोकणपट्टीवरचा कुठलाही कोळी त्यांना सांगता की या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला हात लावत नाहीत. तारवाला वादळाने गाठले आणि मोहीम वाटेतच मोडली. गास्पार दियशची बातमी ऐकल्यावर थांबणे त्यांना जमले नसावे. युद्धाची सवय असलेला एखादा साल्दान्या किंवा तेर्सैरा असता तर चार महिने दम धरून दसऱ्याला निघाला असता. डॉक्टर पावसाच्या तोंडावर निघाले.

त्यानंतर ते दमणला गेले. दमण आणि दीव त्यांना प्रीफेक्ट मानत होते. म्हणजे १८३५ ते १८३७ या काळात पोर्तुगीज भारतात दोन सरकारे होती. गोव्यात बंडवाल्यांचे मंडळ आणि दमणला कायदेशीर प्रीफेक्ट. दोघेही राणी मारियाचा जयजयकार करत आणि दोघेही स्वतःला संविधानवादी म्हणवत. त्याच वर्षी जूनमध्ये गोव्यात ‘क्रोनिका कोंस्तितुसियोनाल द गोवा’ म्हणजे गोव्याची संविधाननिष्ठ बखर या नावाचे पत्र निघाले, तर ऑगस्टमध्ये मुंबईतून ‘इन्व्हेस्तिगादोर पोर्तुगेज’ हे दुसऱ्या बाजूचे. बाळशास्त्रींच्या ‘दर्पण’च्या जवळपासच, त्याच शहरात, एका देशी राज्यकर्त्याच्या हक्कासाठी पोर्तुगीज भाषेत वाद छापला जात होता. आपल्या वृत्तपत्रांच्या इतिहासात या पोर्तुगीज पत्रांना फार तर एखादी ओळ मिळते.

लिस्बनने काय केले? पोर्तूच्या वेढ्यात रक्त सांडलेले मंत्री कायदेशीर प्रीफेक्टला परत बसवतील अशी अपेक्षा कोणीही केली असती. त्यांनी तसे केले नाही. डिसेंबर १८३६ मध्ये समुद्रापारच्या प्रांतांसाठी नवा कायदा निघाला, प्रीफेक्ट हे पद गेले, गव्हर्नर-जनरल आले. तो कायदा करणाऱ्या मंत्रिमंडळात एकहाती सा द बांदैरा होते. आफ्रिकेतल्या गुलामाची बेडी ज्याला दिसली, त्या माणसाला गोव्याच्या डॉक्टरवरचा अन्याय दिसला नाही असे मी म्हणणार नाही. त्यांना दिसला असेल, पण गोव्याच्या सैन्याशी भांडण परवडणारे नव्हते. नोव्हेंबर १८३७ मध्ये बारांव द साब्रोजू हे नवे गव्हर्नर-जनरल पोर्तुगालहून आले. दोन्ही सरकारे संपली. पेरेस द सिल्वा युरोपला परतले, पुन्हा गोव्याचे प्रतिनिधी म्हणून कोर्तेसमध्ये बसले. बोलायला जागा मिळाली, पण राज्य नाही.

*

समुद्रापासून इतक्या दूर, बीड जिल्ह्यातल्या वडवणीत राहून या माणसावर लिहावे असे का वाटले, हे मला काहींनी विचारले आहे. याचे उत्तर आमच्याच मुलखात आहे. १८३५ मध्ये आम्ही निजामाच्या राज्यात होतो. इथल्या सैन्याचा चांगला भाग म्हणजे हैदराबाद कंटिंजंट. पैसा निजामाचा, अधिकारी इंग्रज. १८१८ मध्ये बीड भागात धर्माजी प्रतापरावांनी उठाव केला, तो मोडायला असेच इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालचे रिसाले आले होते. त्या सैन्याच्या पगाराच्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड तोडून द्यावे लागले. गादीवर कोण बसला आहे आणि पलटणीला हुकूम कोण देतो, हे दोन वेगळे प्रश्न असतात हे आमच्या आज्या-पणज्यांना अनुभवाने ठाऊक होते. ‘राजा कुणाचा, तर ज्याची फौज त्याचा’ हे त्यांना शिकवावे लागत नसे. नेवऱ्याच्या डॉक्टरांना ते कळले तेव्हा ते साठीला टेकले होते.

मात्र त्यांचीही मर्यादा सांगितली पाहिजे. ज्या सनदेसाठी त्यांनी देशत्याग सोसला, तिच्या सहाव्या कलमात राज्याचा धर्म कॅथलिक ठरवला होता आणि इतर धर्मांची उपासना परदेशी लोकांना, तीही घरगुती स्वरूपात, मान्य केली होती. म्हणजे पेडण्याचा किंवा फोंड्याचा हिंदू या सनदेत कुठे बसतो? तो परदेशी नाही आणि कॅथलिकही नाही. मंगेशी, शांतादुर्गा, महालसा ही देवळे ज्या मुलखात उभी होती, तिथल्या माणसाला ‘भारतातला पोर्तुगीज’ या शब्दांत शिरायला दारच नव्हते. कायद्याने पुरी बरोबरी मिळायला १९१० चे पोर्तुगीज प्रजासत्ताक यावे लागले. १८३५ च्या भांडणात देशेंदेंत आणि नातुराल असे दोनच पक्ष दिसतात. तिसरा, संख्येने फार मोठा पक्ष, भांडणात नव्हताच. सत्तरीत दीपाजी राणे १८५२ मध्ये उठले तेव्हा त्यांनी संविधानाचा आधार घेतला नाही. त्यांनी नाणूसचा किल्ला घेतला.

पेरेस द सिल्वा यांच्या मागे जे आले त्यांत एका सैनिकाचे नाव घ्यायलाच हवे. कोंद दश आंताश, मूळ नाव फ्रांसिश्कु शाव्हियेर द सिल्व पेरैरा. मिगेलविरुद्ध लढलेले, स्पेनच्या यादवीत पोर्तुगीज सेना घेऊन गेलेले. १८४२ मध्ये ते गोव्याचे गव्हर्नर-जनरल होऊन आले. त्यांच्या आधीचे लोपिश द लिमा यांना त्याच वर्षी पणजीच्या सैन्याने बंड करून घालवले होते. तेही मुंबईलाच गेले. म्हणजे गोरा असूनही सुटका नव्हती, इतकी त्या सैन्याची चटक वाढलेली. आंताश थोडाच काळ राहिले, पण त्यांच्याच काळात, १८४२ मध्ये, पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली. आशियातल्या पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्यात जुन्या शाळांपैकी ही एक. याच शाळेतून पुढे फ्रांसिश्कु लुईश गोमिश बाहेर पडले, जे १८६० मध्ये लिस्बनच्या संसदेवर निवडून गेले आणि ज्यांनी ‘ब्राह्मण’ या अर्थाच्या नावाची कादंबरी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. पुन्हा एक गोमंतकीय डॉक्टर, पुन्हा लिस्बन.

आंताश मायदेशी परतल्यावर १८४६ मध्ये पोर्तूच्या बंडखोर सरकारचे अध्यक्ष झाले आणि राणीच्या सैन्याशी लढले. इंग्रज आरमाराने त्यांना समुद्रात धरले. तह झाला, माफी झाली. ते १८५२ मध्ये लिस्बनला मानाने वारले.

पेरेस द सिल्वा १४ नोव्हेंबर १८४४ रोजी त्याच शहरात वारले होते, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी. प्रीफेक्ट म्हणून पणजी सोडली त्यानंतर त्यांनी गोव्यावर राज्य केले नाही. ज्या सैन्याने त्यांना जहाजावर चढवले होते ते आणखी सत्तावीस वर्षे टिकले. १८७१ मध्ये पगार आणि बढत्यांवरून ते शेवटचे उठले, तेव्हा राजाचा भाऊ दों आउगुश्तू स्वतः पोर्तुगालहून एक पलटण घेऊन आला आणि गोव्याचे ते सैन्य एकदाचे मोडीत काढण्यात आले. त्याच्या अधिकाऱ्यांना पेन्शनी मिळाल्या.